‘ब्लू मंडे’ वाजवलं कुणी? यंत्रावरच्या एका गाण्याची सोपी उकल

मोबाइलवर चार ओळी टाइप करायच्या, ‘पावसाळी, उदास, बाईचा आवाज’ एवढं सांगायचं आणि मिनिटभरात अख्खं गाणं हातात घ्यायचं, हे आता कुणालाही जमतं. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अशी एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) सेवा देणाऱ्या सुनो आणि युडिओ या दोन कंपन्यांवर अमेरिकेत दावे ठोकले. तेव्हापासून एक प्रश्न घरोघरच्या गप्पांतही येऊ लागला आहे: यंत्राने केलेलं गाणं हे गाणं असतं का, आणि असेल तर ते नेमकं कुणाचं?

हा वाद नवा वाटतो, पण त्याची एक मोठी फेरी चाळीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेली आहे. त्या फेरीतलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे न्यू ऑर्डर या बँडचं ‘ब्लू मंडे’. मार्च १९८३ मध्ये ते आलं. ब्रिटनमध्ये १२ इंची सिंगल (एका गाण्याची तबकडी) म्हणून त्याच्याइतका खप आजवर दुसऱ्या कुठल्याच गाण्याला मिळालेला नाही. दहा लाखांहून जास्त प्रती एकट्या ब्रिटनमध्ये गेल्या. आणि या साडेसात मिनिटांच्या गाण्यातले ढोल, खालचा बास, मधली सुरावट हे जवळजवळ सगळं यंत्रांनी वाजवलं आहे.

तरीही हे माणसांनी घडवलेलं गाणं आहे आणि ते ऐकताना जाणवतं, असं माझं ठाम मत आहे. का, ते कळायचं असेल तर आधी ही यंत्रं काय करत होती ते पाहावं लागेल.

## बँड कोणता, काळ कोणता

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली. तीन सूर येत असले तरी गिटार उचला आणि वाजवा, असा तिचा खाक्या होता. ती ओसरताना काही तरुण बँड कीबोर्ड, नाचाचे ठेके आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांच्याकडे वळले. या सगळ्या घोळक्याला ढोबळमानाने न्यू वेव्ह म्हणतात. त्यातही जिथे गिटारपेक्षा इलेक्ट्रॉनिक वाद्यं मुख्य झाली, ते सिंथ-पॉप. शेफील्डच्या ह्यूमन लीगने १९८१ च्या नाताळात अशाच गाण्याने ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक गाठला होता. म्हणजे ‘ब्लू मंडे’ आलं तेव्हा जमीन तयार होती.

न्यू ऑर्डर मात्र या वाटेवर वेगळ्याच कारणाने आलेला बँड. मँचेस्टर भागातल्या जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, स्वतःचं आयुष्य संपवलं. तो २३ वर्षांचा होता. मागे राहिलेले तिघे म्हणजे बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस. त्यांनी जुनं नाव सोडलं, गिलियन गिल्बर्ट हिला सोबत घेतलं आणि नव्याने सुरुवात केली. गाणार कोण हाही प्रश्न होता. शेवटी ते काम समनरकडे आलं. तो गायक म्हणून तयार झालेला माणूस नव्हता, त्याचा आवाज सपाट, जरा बुजरा आहे. ‘ब्लू मंडे’मध्ये तोच आवाज इतका चपखल बसतो की तिथे कुणी कसलेला गवई असता तर गाणं बिघडलं असतं.

## सिंथेसायझर म्हणजे काय

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती सेकंदाला ४४० वेळा झाली तर जो सूर ऐकू येतो, त्यावर पाश्चात्त्य वाद्यं जुळवतात. पण तोच सूर बासरीवर आणि सतारीवर वेगळा ऐकू येतो. कारण मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या बारीक थरथरीही उमटतात आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळं असतं. यांना उपस्वर म्हणूया. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की षड्जाच्या तारेतून गंधार डोकावतो तो याच उपस्वरांमुळे.

सिंथेसायझर हे काम विजेवर करतो. त्यातला एक भाग उपस्वरांनी भरलेली, कर्कश म्हणावी अशी विद्युतलहर तयार करतो. दुसरा भाग त्यातले नको ते उपस्वर गाळतो. तिसरा भाग ठरवतो की आवाज झटकन उठावा की हळूहळू फुलावा, टिकावा की लगेच मरावा. या तीन गोष्टींच्या खुंट्या फिरवत बसलं की कधी तुतारीसारखा, कधी पृथ्वीवर कुठल्याच वाद्याचा नसलेला आवाज सापडतो. ‘ब्लू मंडे’मध्ये खाली जो टणक, उड्या मारणारा बास आहे, तो मूग सोर्स नावाच्या अशा सिंथेसायझरचा.

इथवर यंत्र हे फक्त वाद्य आहे. पेटी लाकूड आणि पितळेची, हे विजेचं. वादाला खरं तोंड फुटतं ते पुढच्या यंत्रापाशी, कारण ते माणसाच्या बोटांची जागा घेतं.

## मग पट्ट्यांवर बोटं कुणाची?

मूग सोर्सच्या पट्ट्या त्या गाण्यात कुणी दाबत नव्हतं. ते काम सिक्वेन्सर करत होता. सिक्वेन्सर म्हणजे स्वरांची यादी लक्षात ठेवून ती ठरल्या वेळी सिंथेसायझरला एकेक करून कळवणारी पेटी. स्वतः आवाज काढत नाही, फक्त हुकूम सोडते. त्या काळात हा हुकूम विजेच्या दाबाच्या रूपात जायचा. बऱ्याच सिंथेसायझरमध्ये दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर जाई. सप्तकात बारा सूर, म्हणजे लगतच्या दोन सुरांमध्ये व्होल्टचा बारावा हिस्सा. इतक्या बारीक फरकावर गाणं सुरात राहणं अवलंबून होतं.

तयार सिक्वेन्सर महाग असत. समनरने पॉवरट्रान कंपनीचं सुट्या भागांचं किट आणून तो स्वतः डाख देऊन जोडला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांतून अशी किटं तेव्हा मिळत. पंकने ‘स्वतः वाजवा’ म्हटलं होतं, इथे वाद्यच स्वतः बांधायचं.

दुसरं यंत्र ओबरहाइम डीएमएक्स हे ढोलाचं. त्याच्या चिपमध्ये खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते आणि कोणत्या क्षणी कोणता आवाज यावा ते बटणांनी भरायचं. स्टीफन मॉरिस स्वतः विलक्षण अचूक ड्रमवादक. यंत्राने पोट जाईल अशी भीती वाटावी तर त्यालाच, पण या यंत्राच्या सगळ्यात जास्त प्रेमात तो आणि समनर पडले.

गाण्याची सुरुवात आठवा, किंवा आता लावून ऐका. फक्त मोठ्या ड्रमचे ठोके येतात आणि मग अचानक त्याच ड्रमची धडधडती सर सुटते. गाण्याची लय मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांची आहे. म्हणजे एक ठोका साधारण ०.४६ सेकंदाचा आणि त्या सरीतला प्रत्येक आघात त्याच्या चौथ्या हिश्शात, ०.११५ सेकंदात. पायाने दाबायच्या ड्रमवर इतक्या वेगाने, इतक्या समान जोराने वाजवणं माणसाला फार अवघड. यंत्राला नाही. न्यू ऑर्डरने यंत्राकडून माणसाची नक्कल करून घेतली नाही. माणसाला न जमणारी गोष्ट करून घेतली आणि तीच गाण्याची ओळख बनवली. अमेरिकन गायिका डॉना समर हिच्या १९७९ च्या एका डिस्को गाण्यातल्या ठेक्यावरून ही कल्पना सुचल्याचं बँडने कधीच लपवलं नाही.

## दोन यंत्रं एका लयीत कशी?

आज एका लॅपटॉपमध्ये सगळं असतं, म्हणून हा प्रश्न सुचतही नाही. पण १९८२ मध्ये ढोलाच्या यंत्राचं घड्याळ एका पद्धतीने टिकटिक करी आणि घरी जोडलेल्या सिक्वेन्सरचं दुसऱ्या. दोन्ही एकत्र चालू केले की थोड्याच वेळात एक पुढे, एक मागे. इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्यांच्यासाठी खास सर्किट बनवून दिलं, तेव्हा कुठे ती एका लयीत आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली मिडी नावाची समाईक पद्धत जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांना दाखवली गेली. ‘ब्लू मंडे’चं ध्वनिमुद्रण तोवर उरकलं होतं.

त्यात ही यंत्रं विसरभोळी. हुकने सांगितलेली हकीकत अशी की ढोलाचा ठेका मनासारखा जमला होता आणि मॉरिसचा पाय लागून यंत्राची वायर निघाली. भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं आणि हुकच्या मते पहिल्यासारखं ते जमलंच नाही. जगाने डोक्यावर घेतलेला ठेका हा त्यांच्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचा आहे!

## ‘बटण दाबलं की गाणं, यात कसली कला?’

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. बँडचेच लोक सांगतात की या गाण्याची कल्पना निघाली ती कार्यक्रमाच्या शेवटी लोक ‘आणखी एक’ म्हणून ओरडतात तेव्हा बटण दाबून निघून जाता यावं म्हणून. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा मंचावर यायचा त्यांना कंटाळा होता.

पण बटण दाबण्याआधी काय झालं ते पाहा. मधली सुरावट सिक्वेन्सरमध्ये भरायचं काम गिलियन गिल्बर्टकडे होतं आणि असं काम ती पहिल्यांदाच करत होती. तिने अख्खं गाणं एकेका स्वरासह कागदावर लिहून काढलं. ए-फोर कागद एकाला एक चिकटपट्टीने जोडत गेली आणि त्या लांबलचक पट्टीवरून एकेक पायरी यंत्रात भरली. लिहिताना कुठेतरी एक स्वर राहून गेला.

याचा परिणाम समजून घ्यायला विणकाम डोळ्यांपुढे आणा. चौकटीच्या कागदावर नक्षी काढून स्वेटर विणताना एका ओळीत एक घर उतरवायचं राहिलं, तर धागा कुठे तुटत नाही, भोकही पडत नाही. फक्त तिथून पुढचे सगळे टाके एक घर अलीकडे सरकतात आणि नक्षी तिरकी चालू लागते. विणणारीला चूक लक्षात येते, ती उसवते. यंत्र उसवत नाही. त्याला दिलेला कागद हेच त्याचं सत्य. त्यामुळे ‘ब्लू मंडे’ची सुरावट खालच्या ठेक्यावर नेमकी बसत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ती समेवर येत नाही, समेच्या आजूबाजूला घुटमळते.

बँडने ते ऐकलं आणि तसंच ठेवलं.

माझ्या दृष्टीने हे गाणं इथे घडलं. ठेका लोखंडी अचूक, बासही अचूक आणि त्यांच्यावर तरंगणारी सुरावट मात्र किंचित निसटलेली. त्या निसटण्यामुळे गाण्यात एक अस्वस्थपणा येतो. आपल्याला तो जाणवतो, पण कुठून येतो ते सांगता येत नाही. यंत्राने फक्त कागद वाचला. चूक माणसाची होती, चूक ऐकू येणारे कान माणसांचे होते आणि ‘राहू दे’ हा निर्णयही माणसांचाच. कलेत वाजवण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, वजन या निवडीला असतं.

शिवाय सगळं यंत्रावर नाहीच. पीटर हुकची बास गिटार हाताने वाजवलेली आहे. बास गिटार सहसा खाली राहून आधार देते. हुक ती वरच्या सुरांत, धून असल्यासारखी वाजवतो. न थकणाऱ्या यंत्रांच्या मधून ती बोटांची गिटार शिरते तेव्हा दोन्हींतला फरक कानाला स्वच्छ कळतो. समनर गायला लागतो तोही दोन मिनिटं उलटून गेल्यावर. रेडिओवर वाजायचं असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटात गायक आला पाहिजे, असं मानणाऱ्या काळात हे धाडसच होतं.

## दुसऱ्याच्या गाण्यातला आवाज उचलणं ही चोरी नाही का?

गाण्यात मध्येच चर्चमधल्या समूहगानासारखा एक थंडगार आवाज उमटतो. तिथे कुणीही गायलेलं नाही. तो क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९७५ च्या ‘रेडिओ-ॲक्टिव्हिटी’ या अल्बममधून घेतला आहे. अशा घेतलेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. तो घेऊन पट्ट्यांवर वेगवेगळ्या सुरांत वाजवता येईल असं यंत्र म्हणजे सॅम्पलर. बँडकडे होता तो इम्युलेटर, १९८१ चा. त्याची स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका साध्या फोटोएवढी. त्यात जेमतेम दोनेक सेकंदांचा आवाज मावे आणि तो सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कवर साठवावा लागे.

चोरी की नाही, याचं उत्तर तेव्हाच्या कायद्यात स्पष्ट नव्हतं, कारण कायदा लिहिणाऱ्यांनी असं यंत्र पाहिलंच नव्हतं. पुढे खुद्द क्राफ्टवर्कनेच हा प्रश्न धसास लावला. त्यांच्या १९७७ च्या एका रचनेतला दोन सेकंदांचा ठेका एका जर्मन निर्मात्याने १९९७ मध्ये वापरला. त्यावरचा खटला जर्मनीतल्या सगळ्या पायऱ्या चढून युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०१९ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की मूळ मुद्रणाचा अगदी छोटा तुकडा घ्यायलाही परवानगी लागते. मात्र तो इतका बदलला असेल की ऐकणाऱ्याला ओळखूच येणार नाही, तर गोष्ट वेगळी. दोन सेकंदांसाठी वीस वर्षं! यावरून कळावं की मामला क्षुल्लक नाही.

मला स्वतःला वाटतं की नाव आणि मोबदला दिलाच पाहिजे. पण तुकडा उचलणं आणि त्यातून नवं घडवणं या एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. ‘ब्लू मंडे’तला तो आवाज क्राफ्टवर्कचा असूनही त्या जागी तो का हवा, हे सुचणं न्यू ऑर्डरचं आहे.

## पण यंत्रांनी वादकांच्या पोटावर पाय दिलाच ना?

दिला. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. १९८२ मध्येच ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ढोलयंत्रांवर बंदी घालण्याचा ठराव केला होता. वाद्यवृंदाचं काम कीबोर्डवर होऊ लागल्याने तिथले व्हायोलिनवाले, तुतारीवाले धास्तावले होते. बंदी टिकली नाही, भीती मात्र खरी होती.

मुंबईला हे सांगायची गरज नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या स्टुडिओत एकेका गाण्याला डझनावारी वादक बसत. त्यांत गोव्याहून आलेल्या व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाल्यांचा मोठा वाटा होता. चर्चशी जोडलेल्या शाळांत स्वरलिपी शिकून ते या धंद्यात आले होते. ऐंशीच्या दशकापासून कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग वाढत गेलं आणि ही बैठक लहान लहान होत गेली. ज्यांची उपजीविका गेली त्यांना नव्या आवाजांचं कौतुक सांगणं निष्ठुरपणाचं आहे.

पण याच मुंबईत दुसरीही एक गोष्ट घडली. चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टीतले अनुभवी वादक. १९८२ मध्ये, म्हणजे तिकडे ‘ब्लू मंडे’वर काम चालू होतं त्याच वर्षी, त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ढोलाचं. त्यांवर भैरव, ललित, भूपाली, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मँचेस्टरला मुंबईची खबर नव्हती आणि मुंबईला मँचेस्टरची. चरणजितजींची तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण टीबी-३०३ चा तसला गुळगुळीत, घसरता बास शिकागोच्या नृत्यसंगीतात गाजला तो १९८७ च्या सुमारास. ज्या यंत्राला राग म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्यातून मींडेच्या जवळ जाणारा आवाज काढायला रागाची तालीम झालेला कानच लागला.

## सिंगल १२ इंची का?

सिंगल म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली तबकडी. नेहमीची सिंगल ७ इंची, तिच्या एका बाजूला चारेक मिनिटं मावतात. तबकडीवरची खाच आवाजाप्रमाणे डावी-उजवीकडे वळते आणि खर्जाचा आवाज जितका मोठा तितकी ती वळणं रुंद. लांब गाणं आणि दणदणीत बास दोन्ही हवे असतील तर जागा जास्त लागते. म्हणून न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत सत्तरच्या दशकात १२ इंची सिंगल रुळली. ‘ब्लू मंडे’ फक्त याच आकारात आलं. नाचघरातल्या मोठ्या स्पीकरसाठीच ते घडवलं होतं. न्यू ऑर्डर आणि त्यांची कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स यांनी मिळून मे १९८२ मध्ये मँचेस्टरला हासिएन्दा नावाचा क्लब उघडला होता आणि बँडच्या कमाईचा बराच पैसा तिकडे जात होता.

या तबकडीचं वेष्टनही प्रसिद्ध आहे. पीटर सॅव्हिल या ग्राफिक डिझायनरने स्टुडिओत इम्युलेटरची फ्लॉपी डिस्क पाहिली आणि वेष्टनच फ्लॉपीसारखं केलं, आरपार खिडक्या कापून. त्यावर गाण्याचं नाव सरळ अक्षरांत नाही. कडेला रंगांचे ठोकळे आहेत आणि त्या सांकेतिक रंगांत गाण्याचं आणि बँडचं नाव दडलं आहे. उलगडा करायची किल्ली त्यांच्या त्याच वर्षीच्या अल्बमच्या पाठीवर छापली होती. हे वेष्टन इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला, असं फार सांगितलं जातं. पैशांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. नंतरच्या प्रती खिडक्या न कापता स्वस्त वेष्टनात निघाल्या, त्यामुळे सगळ्या खपावर तोटा झाला असेल हे मला पटत नाही. इतका खप होऊनही गाण्याला अधिकृत सुवर्ण तबकडी मिळाली नाही, कारण फॅक्टरी ही रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची सदस्य नव्हती.

## म्हणजे एआयचं गाणंही असंच की!

इथे मला थांबून फरक दाखवावासा वाटतो, कारण ‘सिंथेसायझरलाही लोक असंच नावं ठेवत होते’ हे वाक्य एआयच्या बाजूने सर्रास फेकलं जातं.

गिल्बर्टच्या सिक्वेन्सरने एकही स्वर स्वतः निवडला नाही. तिने राहू दिलेली फटसुद्धा त्याने इमानेइतबारे पाळली. एआयच्या सेवेत उलटं आहे. असंख्य मुद्रित गाण्यांतून शिकलेली प्रणाली पुढे कोणता आवाज येणं संभवतं ते ठरवते आणि आपण तयार झालेलं पसंत-नापसंत करतो. पसंतीलाही मोल आहे, ते मी वर मान्यच केलं आहे. पण जो संभव जास्त तोच निवडत जाणारं यंत्र नक्षी सरळ ठेवायला धडपडतं. राहून गेलेला स्वर ते भरून काढेल.

दुसरा फरक सॅम्पलचा. ‘ब्लू मंडे’तला उचललेला आवाज बोट ठेवून दाखवता येतो: हा अमुक अल्बममधला. म्हणून त्यावर श्रेय, मोबदला, खटला काहीही शक्य आहे. प्रणालीने लाखो गाणी पचवून काढलेल्या आवाजात कुणाचा किती वाटा, हे असं दाखवता येत नाही. २०२४ च्या दाव्यांची धग तिथेच आहे. उद्या एखादं पोरगं या प्रणालीशी झटापट करून, तिला वाकवून, तिच्याकडून नको ते करून घेऊन थोर गाणं करेल हे मला अशक्य वाटत नाही. तेव्हा आपण विचारायचं ते एवढंच की निवडी कुणी केल्या आणि उचललेल्याचं ऋण कुणी फेडलं.

## ऐकायचं कसं

‘ब्लू मंडे’च्या बऱ्याच आवृत्त्या फिरतात. १९८३ ची मूळ, साडेसात मिनिटांची शोधा. १९८८ मध्ये नव्याने सजवलेली एक आवृत्ती आली, ती ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली. मूळ गाणं नवव्याच्या वर कधी चढलं नव्हतं. तरी १९८८ ची आवृत्ती मला फार नटवलेली वाटते, मुळातली रिकामी जागा तिच्यात भरून टाकली आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर खालचा बास ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन घ्या. पहिल्या वेळी फक्त मोठ्या ड्रमच्या मागे जा. दुसऱ्या वेळी बोटाने मात्रा मोजत सुरावट ठेक्यापासून कुठे सरकते ते पकडायचा प्रयत्न करा. तबल्याच्या साथीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ते चटकन सापडेल. तिसऱ्या वेळी हुकच्या गिटारवर कान ठेवा. आणि जमलं तर या बँडने मार्च १९८३ च्या अखेरीस बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात हेच गाणं प्रत्यक्ष वाजवलेलं चित्रण पाहा. त्या कार्यक्रमात बहुतेक जण आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवत. या चौघांनी यंत्रं सोबत नेऊन खरोखर वाजवायचा हट्ट धरला. आवाज पातळ आला, सगळे अवघडलेले दिसतात आणि त्यानंतर गाणं यादीत वर जायच्या ऐवजी खाली घसरलं, असं बँडनेच नंतर सांगितलं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा यादीत चढलं आणि नवव्या क्रमांकावर पोचलं.